चूक नंबर एक्केचाळीस

गारखेडा, ४ जानेवारी २०२५

दीपमाला,

अकरा वर्षांनी तुझा मेसेज आला, आणि त्यात काय? "तब्बो, आपली जोडवही तुझ्याकडंच असेल ना? तातडीनं हवी होती." बस्स. कशी आहेस नाही, अम्मी कशी आहे नाही. शेजारणीकडं राहिलेला कुकर मागावा तशी, दोघींनी मिळून भरलेली वही मागितलीस.

फोनवर उत्तर मुद्दाम दिलं नाही. तिथं दोन निळ्या खुणा दिसल्या की तुझं समाधान होतं. म्हणून कागदावर लिहितेय. बघ चार दिवस पोस्टमनची वाट. काय फरक पडतो, मी अकरा वर्षं बघितली.

वही कशाला हवीय ते मला माहीत आहे. गेल्या आठवड्यात संध्या नावाचं एक गिऱ्हाईक दुकानात फॉल-पिकोला साडी टाकायला आलं. साडी ज्या पेपरात गुंडाळलेली, त्याच पेपरात तुझा हा एवढा फोटो. साडी राहिली बाजूला, मी उभ्या उभ्या पेपर वाचत सुटले. संध्या विचारतेय, "ताई, धाग्याचा रंग जुळंल ना?" आणि इकडं माझा जळून कोळसा. हो, जळाले. लिहिते स्पष्ट. तुझ्यापासून काय लपवायचं?

पेपरात लिहिलंय, 'शिकरा'चा आठवा सिनेमा येतोय. तीसेक वर्षांत सात सिनेमे झाले, तीन हिरो बदलले, दिग्दर्शक किती बदलले ते मोजायला नको. त्या गुप्तहेराची गोष्ट पहिल्यापासून आठव्यापर्यंत जुळती ठेवायचं काम एका मराठी बाईकडं आहे. कुणाच्या कुठल्या भुवईवर जखम, कोण कुठल्या सिनेमात मेलं, कोण चहात साखर घेत नाही, सगळं तिला तोंडपाठ. लई भारी. इथवर मी खुशीनं वाचलं, खुदा की कसम. पुढं तू म्हणतेस, "लहानपणी सिल्लोडला मी एकटीच सिनेमे बघायचे आणि वहीत चुका टिपून ठेवायचे."

एकटीच?

मग टॉकीजच्या मशीनच्या खोलीत, त्या लोखंडी स्टुलावर, तुझ्या मांडीला मांडी लावून कोण बसायचं? माझं भूत? मशीन चालवणारे शफीक ऑपरेटर कुणाचे अब्बा होते? नानासाहेबांना वाटायचं, आपली लेक गणिताच्या शिकवणीला गेलीय, आणि ती लेक आमच्या अब्बाच्या डब्यातली खिचडी खात भिंतीतल्या भोकातून 'शिकरा' बघायची. मशीनच्या खडखडाटात एक डायलॉग धड ऐकू यायचा नाही. म्हणून तर आपले डोळे तयार झाले. पहिल्या सिनेमात गुप्तहेर इंदरच्या डाव्या भुवईवर जखम, दुसऱ्यात उजव्या. कुणी पकडली? मी. आईच्या फोटोला हार आणि पुढच्या सिनेमात तीच आई फोनवर बोलतेय, ही तू पकडलीस. तुझी ती तुला देते. चौथ्यात अख्खा हिरोच बदलला तरी घरचं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही, असं मी वहीत लिहिलं तेव्हा तू हसून हसून स्टुलावरून पडली होतीस. ढोपर फुटलं होतं. बघ, खूण असेल अजून.

मुलाखतीत तू म्हणतेस, पहिला 'शिकरा' आठव्या वर्षी बघितला. नवव्या. मोठ्या फोटोत तुझं घड्याळ डाव्या हातात आहे, खालच्या छोट्या फोटोत उजव्या. सात सिनेमे जुळवते म्हणे.

अब्बा गेले तेव्हाही तुझा मेसेज आला होता. "खूप वाईट वाटलं. शूटिंगला आहे." तो मी अजून पुसलेला नाही. अम्मी चाळिसाव्या दिवसापर्यंत विचारत होती, दीपा आयी क्या. मी सांगत होते, येतेय, रस्त्यात आहे.

वही माझ्याकडंच आहे. द्यायची का, ते ठरलेलं नाही.

तबस्सुम


गारखेडा, १९ जानेवारी २०२५

दीपमाला,

तुझा फोन तीनदा वाजला. मी शिलाई मशीनवर होते असं समज. मग अनोळखी नंबरवरून आला म्हणून उचलला आणि फसले.

"नमस्कार ताई, मी प्रणय. दीपूबरोबर सिनेमा लिहितोय."

दीपू! तुझ्या आईनं तुला कधी दीपू म्हटलं नाही, मी म्हटलं नाही, आणि हा कोण कालचा? आवाजावरून तिशीचा वाटला. बडबड्या आहे, मनानं बरा असेल, पण माझ्या कानात खडा गेल्यासारखं झालं. म्हणाला, तुम्ही दोघं रोज एका टेबलाशी बसून जुने सिनेमे बघता. तू "थांबव" म्हणतेस आणि तो थांबवतो. वाहवा. आपण कुणाला थांबव म्हणणार होतो गं? अब्बाचं मशीन थांबायचं नाही. एकदाच दिसायचं, तेवढ्यात जे दिसलं ते आपलं. त्या पोराला एकदा तसं बघायला लाव म्हणावं, मग कळंल डोळे कशाला म्हणतात.

त्यानंच सांगितलं आठव्या सिनेमाचं. सांगायचं नव्हतं म्हणे, पण तुम्ही घरच्याच. तर म्हणे, तिसऱ्या सिनेमात इंदरची बायको नयना पुलावरून नदीत पडते. पडते ते पडतेच, पुन्हा दिसत नाही. इंदर शेवटपर्यंत सुतकात. आणि चौथ्यात ती घरी चहा करतेय, कुणी काही विचारत नाही. वीस-पंचवीस वर्षं लोकांनी त्याला चूक म्हटलं. आता आठव्यात उघड होणार की ती चूक नव्हतीच. नयना खरोखर मेली होती. चौथ्यापासून इंदरच्या घरात जी राहतेय ती शत्रूनं पेरलेली बाई आहे, चेहरा तोच. सगळी मालिका एका झटक्यात फिरते. "दीपूचं डोकं म्हणजे, ताई!"

दीपूचं डोकं.

चूक नंबर एक्केचाळीस. टॉकीजच्या मागच्या जिन्यावर बसून दगडाबाईच्या टोपलीतली बोरं खाताना मी म्हणाले होते, "दीपा, ही नयना नाहीच. नयना बिनसाखरेचा चहा प्यायची, हिनं दोन चमचे घातले." तू बोर तोंडात तसंच धरून माझ्याकडं बघत राहिलीस. मग मी सगळी गोष्ट रचली, ती बाई कोण, कुठून आली, इंदरला कधी कळणार, आणि घरी जाऊन वहीत चार पानं भरून लिहिली. माझ्या अक्षरात. ती माझी गोष्ट आहे, दीपमाला. माझ्याकडं जगात सांगण्यासारखी ती एकच गोष्ट होती. बाकी काय, दोन पोरं, नवऱ्याची, ओवैसची, वाळूजची ड्यूटी, आणि लोकांच्या साड्यांचे काठ.

आता लिहायलाच बसलेय तर हेही वाच. तुझ्यावर जळायला मला त्या प्रणयची गरज नव्हती. मी दहा वर्षांची असल्यापासून जळते. फिल्म तुटली की अब्बा चिकटवायला बसायचे आणि कात्री तुझ्या हातात द्यायचे. "दीपा की नजर देखो, अंधेरे में सुई ढूंढती." मला एकदा तरी म्हणाले? मी पोटची, तू पाव्हणी, आणि कात्री तुला. मी घरी येऊन अम्मीजवळ रडायचे. अम्मी म्हणायची, "अगे, वो मेहमान है ना." रोज सहा वाजता येणारी कसली मेहमान?

प्रणय म्हणाला, पंधरा मार्चला मुंबईत मोठा कार्यक्रम आहे. 'शिकरा'चे वेडे लोक देशभरातून येणार, आणि तू स्टेजवर उभी राहून तिसरा आणि चौथा सिनेमा कसा जुळतो ते सांगणार.

सांग की. मी कोण अडवणारी?

तबस्सुम


गारखेडा, २ फेब्रुवारी २०२५

दीपमाला,

वही पाठवली, मिळाली असेल. तुझा मेसेजही मिळाला. "तब्बो, एक्केचाळीसची चार पानं नाहीत गं. फाटली का?"

उंदरांनी खाल्ली. गारखेड्याचे उंदीर लई चोखंदळ. चाळीस सोडलं, बेचाळीस सोडलं, मधलंच खाल्लं.

खोटं बोलतेय हे तुला कळलं असेलच. पानं मी ब्लेडनं कापली. काठ इतका सरळ आलाय की बघणाऱ्याला कळायचं नाही, पण तुला पहिल्या नजरेत दिसलं असणार. पानं शिलाई मशीनच्या खणात आहेत, बॉबिनच्या डबीखाली.

त्या प्रणयचा परत फोन. म्हणे, "ताई, ती पानं फार गरजेची आहेत. पडद्यावरच्या नावासाठी लागतायत. कंपनी हातचं लिहिलेलं बघितल्याशिवाय ऐकत नाही." मी म्हटलं, भाऊ, दळण टाकायला चाललेय, आणि फोन ठेवला. कुणाच्या नावासाठी ते विचारलं नाही. तुझ्याच असणार. आणखी कुणाचं नाव तिथं लागतंय?

अम्मीला तुझा पेपरातला फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघितला, मग म्हणाली, "दुबली हो गयी." बास, इतकंच. मला ती गेल्या दहा वर्षांत जाडी झालीस म्हणते.

आणखी एक सांगायचं होतं. जाऊ दे. तुला घाई असेल.

तबस्सुम


गारखेडा, १८ फेब्रुवारी २०२५

दीपमाला,

हे पत्र मी टाकणार की नाही, मला माहीत नाही. पण लिहिते, नाहीतर पोटात कुजंल.

तू पंधरा मार्चला स्टेजवर उभी राहून चुकीचं बोलणार आहेस. नयना मेलेली नाही. तिसऱ्या सिनेमात तिला एक नावाडी नदीतून काढतो. सगळ्या जगानं ते बघितलं असेल, आपण दोघींनीच बघितलं नाही.

का बघितलं नाही, सांगते. अब्बा गेल्यावर त्यांची लोखंडी पेटी सिल्लोडहून माझ्याकडं आली. तळाशी फिल्मचा एक गोल डबा. वर खडूनं अब्बाच्या उर्दू अक्षरात, ग्यारह, छह बजे नहीं. मला काही समजंना. अम्मीला विचारलं तर म्हणाली, "अगे, वो डब्बा तेरे अब्बा छे के खेल में लगातेच नै थे." हसत हसत सांगितलं तिनं. सहाचा खेळ सुटायला नऊ वाजायचे आणि अजिंठ्याकडची शेवटची एसटी नऊलाच. गावाकडची माणसं शेवट न बघताच उठून पळायची. अब्बांना ते सोसायचं नाही. "आखिर देखे बगैर आदमी घर कैसा जाएगा?" म्हणून सिनेमा नवा आला की ते एकदा बघून घ्यायचे आणि मधलं एक रीळ ठरवून गाळायचे, तिसऱ्यात अकरावं. माणसांना शेवट मिळायचा, एसटीही मिळायची. मालकालाही माहीत होतं. नऊच्या खेळाला सगळी रिळं लागायची.

आणि आपण? तीनच्या खेळाला शाळा, नऊच्या खेळाला कोण सोडतंय. आपण जन्मभर सहाचाच खेळ बघितला.

बाकीचे सिनेमे पुढं टीव्हीवर आले, तेव्हा आपण किती चुका खोडल्या आठवतं? तिसऱ्यातल्या तेवढ्या तपासायच्या राहिल्या. पडेल सिनेमा, आठवडाभरात उतरला. तेव्हाची कंपनी बुडाली, मूळ फिल्म गोदामात जळाली, आणि आज जी कॉपी लोकांकडं फिरते ती टीव्हीसाठी कापलेली, तिच्यातही नावाडी नाही. ज्यांनी तेव्हा बघितला त्यांना आठवत नाही, आठवलं तरी कोण ऐकतंय. पुरावा आहे तो माझ्या पलंगाखाली. त्या दिवशी मी डबा उघडून दोन-चार हात फिल्म खिडकीसमोर धरली. इवलीइवली चित्रं. नावेत नावाडी, त्याच्या हातात नयनाचे केस, मग नयना डोळे उघडते. तुला फोन करायला हात गेला होता. मग आठवलं, तू मयतीला आली नाहीस. फोन ठेवला. तो अकरा वर्षं ठेवलेलाच आहे.

वही पाठवली तेव्हाही मला हे माहीत होतं. सांगितलं नाही. मला बघायचं होतं, दीपमाला. भरल्या हॉलमध्ये तू तोंडावर पडावीस आणि मी इथं गारखेड्यात फोनवर ते बघावं. तुझ्या शेजारी तो प्रणय बसलेला असावा आणि त्याला काही सुचू नये. तेव्हा तुला कळलं असतं, शेजारी कोण पाहिजे होतं.

आणि मी नुसती बघत बसले नाही. ओवैसचा धाकटा भाऊ अबुजर सिनेमांवर बोलायचं चॅनेल चालवतो, बरेच लोक बघतात त्याला. परवा त्याला सगळं सांगितलं. तो खुर्चीवरून उठलाच. "भाभी, ये तो बम है!" ठरलंय असं, की मी फिल्म उलगडून साफ करून देणार, तो एकेका चित्राचा फोटो काढणार, आणि चौदा मार्चला, तुझ्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, टाकणार. मी हो म्हणाले.

हो म्हणाले तेव्हा इतकं बरं वाटलं की त्या दिवशी बिर्याणी केली. पोरं विचारत होती, अम्मी, आज क्या है?

आता बरं वाटत नाही. पण नाही म्हणायलाही जीभ रेटत नाही. हे पत्र खणात टाकते, त्या चार पानांवर.

तबस्सुम


गारखेडा, ९ मार्च २०२५

दीपा,

आज आठवा रोजा आहे आणि मला सकाळपासून भूक नाही की तहान नाही. नुसतं लिहायचंय. मागचं पत्र मी टाकलं नव्हतं, ते याच पाकिटात आहे. आधी ते वाच, शिव्या दे, मग हे वाच.

काल अबुजरसाठी फिल्म उलगडायला बसले. पलंगावर पांढरी चादर घातली, हातात सुती मोजे घातले, अब्बा घालायचे तसे. डबा उघडला तर सिरक्यासारखा आंबट वास. एकेक हात फिल्म खिडकीकडं धरायची, मऊ फडक्यानं पुसायची, दुसऱ्या चकतीवर गुंडाळायची. नावाडी गेला, नयना गेली. झोपडी आली. मग इंदरचे मोठे साहेब येतात, नयनाला लपून राहा म्हणतात, ती मान हलवते. अकरा वर्षांपूर्वी मी इथवर आलेच नव्हते. बघताना मला एवढी भिकार गोष्ट वाटली ती! नावाडी, झोपडी, साहेब. माझी बाई किती चांगली होती.

फिल्म संपली आणि आतल्या गाभ्यात घडी केलेला कागद निघाला. वहीचा कागद, निळी शाई, तुझं ते मांजराच्या नखासारखं अक्षर. तुला आठवत असेल काय लिहिलं होतंस. तरी मी उतरवते, कारण मूळ कागद तुला देणार नाही.

"जानेवारी २०००. तिसरा परत लागलाय. तब्बोला कावीळ झालीय, आठवडा झाला आली नाही. एकटीला बघायला नको वाटलं म्हणून रडले, तर शफीकचाचांनी सकाळी टॉकीज बंद असताना मला हे रीळ लावून दाखवलं. नयना मरत नाही. एक्केचाळीस ही चूकच नाही. पण तब्बोनं तिच्यावर जी गोष्ट लिहिलीय ती या रिळापेक्षा शंभरपट चांगली आहे. तिला कळलं तर ती चार पानं फाडून टाकील. चाचांना म्हटलं, तिला कधी सांगायचं नाही. चाचा म्हणाले, मग हे रीळ परत पाठवतच नाही, मालकाला सांगतो विसरलो. आम्ही दोघांनी शपथ घेतली."

दीपा, आधी काय झालं ते खरं सांगते. आधी मी भडकले. अब्बांनी तुला दाखवलं! बंद टॉकीजात, तुझ्या एकटीसाठी मशीन लावलं, आणि मी घरी पिवळी पडून उसाचा रस पितेय! कागद चुरगाळला. शिलाई मशीनला लाथ मारली, अजून अंगठा दुखतोय. अम्मी आतून ओरडली, क्या गिरा गे? मी म्हटलं, कुछ नै.

मग चुरगाळलेला कागद सरळ केला आणि परत वाचला. अब्बा त्या रिळावरून मालकाची बोलणी खात होते ते मला आठवतं. मालक दारात उभा राहून ओरडला होता, आणि अब्बा मान खाली घालून म्हणत होते, "भूल हो गयी साब, बुढ़ापा है." बुढापा कसला, पन्नाशीचेही नव्हते. मला तेव्हा त्यांची लाज वाटली होती. माझ्या चार पानांसाठी ते बोलणी खात होते, दीपा, आणि मला लाज वाटत होती. कात्री तुझ्या हातात द्यायचे म्हणून मी आजवर कुढत बसले. माझ्या हातात काय ठेवलं होतं ते काल कळलं. काल संध्याकाळी इफ्तारला खजूर तोंडात घेतला आणि रडायलाच लागले. ओवैस घाबरला.

म्हणजे तुला माहीत होतं. पंचवीस वर्षं. नयना मेली नाही हे माहीत असून तू माझीच गोष्ट धरून बसलीस आणि ती एवढ्या मोठ्या लोकांच्या गळी उतरवलीस. मी पलंगाखाली बम दडवून बसले होते आणि त्याची वात तूच काढून ठेवली होतीस.

आता विचारते, जे तेव्हा विचारलं नाही. ती पानं कुणाच्या नावासाठी हवी होती?

उत्तर फोनवर नको देऊस. चारही पानं पाठवतेय. कापली तिथून चिकटपट्टी लावून जोडून घे, काठ सरळ आहे. तारीख आणि माझं नाव चौथ्या पानाच्या खाली आहे. लहानपणीचं अक्षर आहे, पण वाचता येतं.

अबुजरला सांगितलं, फिल्म चिकटून गठ्ठा झाली, एक चित्र निघालं नाही. त्यानं तोंड एवढंसं केलं. रोज्यात खोटं बोलले. ते अल्लाला मी सांगीन, तू मधे पडू नको.

पण सगळं माफ झालं असं समजू नको. तू मुलाखतीत एकटीच म्हणालीस, ते मी विसरलेली नाही. पेपरवाल्यानं कापलं असेल तर तसं सांग, मी विश्वास ठेवीन. अब्बांच्या मयतीला आली नाहीस, ते तर मरेपर्यंत विसरणार नाही. अम्मी अजून दुबली दुबली करते. ईदला ये, तिच्या हातचा शीरखुर्मा खा, आणि काय बोलायचं ते तिच्याशी बोल. मी स्वयंपाकघरात असेन.

आणि पंधरा तारखेला मी येतेय. चौदाची गाडी आहे, तिकीट काढलंय. प्रणयला दुसऱ्या खुर्चीवर बसव. बरा असेल पोरगा, पण तुझ्या शेजारची खुर्ची त्याची नाही.

स्टेजवर कुणी म्हातारा उठून म्हणाला की बाई, मधे एक नावाडी होता, तर घाबरू नको. माझ्याकडं बघ. मी हो म्हणून मान हलवणार नाही.

रीळ परत गुंडाळलं, तुझा कागद तेवढा काढून घेतला. डबा अब्बांच्या पेटीत तळाशी ठेवला. खडूची अक्षरं पुसट झाली होती, ती मी परत गिरवलीत. ग्यारह, छह बजे नहीं. लोकांची शेवटची एसटी चुकायला नको.

तुझी,
तब्बो